शेवटचं काय हलवलंस?

दिवाळीच्या साफसफाईत पुरुषमाणसाने कोठे हात घालावा आणि कोठे घालू नये, याविषयी आपल्या शास्त्रकारांनी काहीच लिहून ठेवलेले नाही, ही मोठी उणीव आहे. माळ्यावरचे डबे काढून द्यावेत, पंख्याची पाती पुसावीत, रद्दी बांधून द्यावी आणि चहाची वाट पाहत बसावे, एवढे जरी कोणी लिहून ठेवले असते, तरी यंदा माझ्यावर गुदरलेला प्रसंग टळला असता. मी संगणकात हात घातला.

आमचा संगणक २००९ सालचा. म्हणजे संगणकाच्या हिशेबाने तो पणजोबा झाला. बँकेतल्या कमाईच्या पैशांतून तो घेतला, त्यामुळे त्याच्यावर माझा अंमळ जास्तच जीव. २०१४ साली त्याचे जुने एक्सपी बाद झाले, तेव्हा भाच्याने येऊन त्यात एक टेराबाइटची नवी हार्ड डिस्क बसवली आणि तीवर विंडोज सेव्हन घातले. जुनी एकशेसाठ गिगाबाइटची डिस्क मात्र त्याने आत तशीच राहू दिली. "असू दे मामा, काही लागलं तर," असे म्हणून तो गेला, आणि पुढे थेट जर्मनीलाच गेला. विंडोज सेव्हनचीही सेवा २०२० च्या जानेवारीत बंद झाली. पण माझीही सेवा बंद झालेलीच असल्यामुळे आमचे एकमेकांशी जमून गेले होते.

तेव्हापासून रोज सकाळी संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटत. जुने विंडोज हवे की नवे? तीस सेकंद वाट पाहून तो आपला आपणच नवे निवडी. त्या तीस सेकंदांत मी चष्मा पुसून घेत असे. ही यादी कोठून येते, असा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नाही. रोज सकाळी दाराशी दुधाची पिशवी येते, ती तरी कोण ठेवतो हे आपण कधी उठून पाहतो?

यंदा त्या जुन्या डिस्कने कुरकुर सुरू केली. पेटीला कान लावला की आत कोणीतरी सुपारी कातरत असल्यासारखा आवाज येई. आमच्या सौभाग्यवतींनी माळा आवरता आवरता फर्मान काढले, "बारा वर्षं नुसती बसून असलेली वस्तू काढून टाका एकदाची." मीही विचार केला, खरेच आहे. तिच्यात माझी एकही फाइल नव्हती. भाड्याने दिलेली खोली भाडेकरू सोडून गेल्यावर रिकामी व्हावी तशी ती रिकामी होती. बाजारातून दोनशे चाळीस गिगाबाइटची एक नवी एसएसडी आणली. जुनी डिस्क काढायची, तिच्या जागी तिच्याच केबलला ही जोडायची, मग सावकाश सगळे तिच्यावर हलवायचे, असा बेत. चार स्क्रू आणि दोन केबली. पंधरा मिनिटांत काम झाले. पेटीला झाकण लावले आणि रुबाबात बटण दाबले.

पंखा फिरला, दिवा लागला, 'टिक्' असा नेहमीचा आवाज झाला. पण दोन ओळींची ती यादी काही आली नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी वाक्य आले. त्याचा भावार्थ असा की, योग्य बूट डिव्हाइस निवडा आणि पुन्हा सुरू करा. मी पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. सातव्यांदा सुरू केल्यावर सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, तो काय म्हणतोय ते तरी बघा!"

येथवर हा किस्सा हसण्यावारी नेण्यासारखा आहे. पण त्या पेटीत काय होते ते आता सांगितले पाहिजे.

यंदा आईचे सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमा पुऱ्या व्हायला ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिने लागतात. आईच्या त्या दिवाळीच्या आगेमागे पुऱ्या होत होत्या. गेली दोन वर्षे संध्याकाळी ती तिच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसे, जुन्या आठवणी सांगे, आणि मी त्या टंकून ठेवी. तिचे माहेर नारायण पेठेतले, नदीपासून हाकेच्या अंतरावर. वाड्यातली माणसे, शाळा, पहिली सायकल, लग्न, माझ्या बारशाला झालेला घोळ, असे सगळे मिळून एकशेबारा पाने झाली होती. त्याची एक छोटी पुस्तिका काढून समारंभाला आलेल्या प्रत्येकाच्या हातात द्यायची, असे ठरले होते. छापखान्यात मजकूर शुक्रवारी द्यायचा होता. त्या दिवशी मंगळवार होता. आणि त्या एकशेबारा पानांची दुसरी प्रत पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नव्हती.

बँकेत पस्तीस वर्षे मी दुसऱ्यांना 'कार्बन घातला का?' असे विचारीत होतो. वाचकहो, यावर अधिक काही बोलत नाही.

बुधवारी सकाळपर्यंत ही बातमी इमारतभर झाली. आजारी माणसाला आणि बिघडलेल्या यंत्राला पाहायला येणारे लोक रिकाम्या हाताने येत नाहीत. सल्ला घेऊन येतात. तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनिअरसाहेब प्रथम आले. त्यांनी पेटी उघडली, मेमरीच्या पट्ट्या उपसून काढल्या आणि माझ्या नातवाच्या कंपासपेटीतल्या खोडरबराने त्यांचे सोनेरी दात घासून दिले. "नव्वद टक्के केसेस यातच सुटतात," असे ते म्हणाले. आमची उरलेल्या दहा टक्क्यांतली निघाली. मग त्यांनी आतली कोटाच्या बटणाएवढी सेल काढली, पाच मिनिटे तळहातावर धरली आणि परत बसवली. आता पडद्यावर तारीख आली १ जानेवारी २००९. सगळ्यांना मोठी मौज वाटली. वाक्य मात्र तेच राहिले.

दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा आला. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "काका, फॉर्मॅट मारून टाकू. एक तास." हल्लीच्या पिढीला भूतकाळाचे ओझे वाटत नाही हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. त्याला चहा देऊन परत पाठवले. पण दुपारी पेटी उचलून रिक्षाने एका दुरुस्तीच्या दुकानात नेली, तर तेथल्या गृहस्थानेही तेच सांगितले. "डी ड्राइव्हवरचं राहील, साहेब."

"आणि डेस्कटॉपवरचं?"

"ते जाणार."

माझी एकशेबारा पाने डेस्कटॉपवरच होती, डोळ्यांसमोर असावीत म्हणून. मी पेटी पुन्हा उचलली. पण खरे सांगतो, उचलण्यापूर्वी क्षणभर थांबलो होतो. माणूस थकला की त्याला कोणताही शेवट चालतो. तास-दीड तासाने सगळे कोरे का होईना, पण सुरळीत होईल, हा मोह लहान नव्हता.

रात्री जेवणे झाल्यावर आईला सांगणे भाग पडले. ती मफलर विणीत होती. सुया न थांबवता तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "गेलं तर गेलं. मी आहे ना? पुन्हा सांगेन."

मला बरे वाटले. लगेच वही पेन्सिल घेऊन बसलो. म्हटले, पानशेतचे सांग, ते आधी लिहून घेऊ. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांमधून शिरले, तेव्हा आई सोळा वर्षांची होती. सगळे जण नेसत्या वस्त्रांनिशी पर्वतीवर गेले. तिसऱ्या दिवशी घरात परतले, तेव्हा गुडघाभर चिखल होता आणि दुधातुपापासून देवांपर्यंत सगळे वाहून गेले होते. आठवड्याने कोठून तरी दूध मिळाले, पण दही लावायला घरात विरजण नव्हते. शेजारच्या कोणाकडेही नव्हते, कारण सगळ्यांचीच गत एक झाली होती. तेव्हा टेकडीच्या बाजूला राहणाऱ्या, कधी ओळख ना देख अशा एका बाईने विरजण दिले, पितळेच्या एका छोट्या वाटीत. पुढे ती वाटी परत करायला गेले, तर त्या बाई जागा सोडून गेलेल्या. वाटी आमच्याकडेच राहिली. आजही आमच्या घरात विरजण त्याच वाटीत असते.

हे सगळे आईने सांगितले, अगदी पहिल्यासारखे. मग मी विचारले, "त्यांचं नाव काय होतं?"

सुया थांबल्या. आई बराच वेळ समोर पाहत राहिली. "सांगितलं होतं की मी तुला," ती म्हणाली. "काय बरं... अगदी जिभेवर आहे."

दोन वर्षांपूर्वी तिने ते नाव नुसते सांगितले नव्हते, आडनावासकट सांगितले होते. मीच टंकले होते. मला ते आठवेना, कारण टंकून ठेवल्यावर आठवणीत ठेवण्याचे कारणच उरले नव्हते. आता ते नाव तिच्याजवळ नव्हते, माझ्याजवळ नव्हते. फक्त त्या पेटीत होते. 'पुन्हा सांगेन' म्हणणे सोपे असते. पण सांगणारी तीच असली तरी दोन वर्षांपूर्वीची ती आज नसते, हे मला त्या रात्री प्रथम कळले. मी वही मिटली.

आईनेही विषय बदलला. "ते यंत्र बिघडलं कधी?"

"बिघडलं नाही गं, मीच त्यात नवी डिस्क..."

"मग शेवटचं काय हलवलंस?"

मी गप्प झालो. गेल्या दोन दिवसांत येऊन गेलेल्या अर्धा डझन माणसांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. प्रत्येकाने येऊन आणखी एक काहीतरी हलवले मात्र होते.

हातातला मफलर तिने माझ्यापुढे धरला. मध्येच एक टाका सुटला होता. "हे बघ. चूक दिसली म्हणून नवा लोकरीचा गुंडा आणायचा नसतो. शेवटच्या टाक्यापासून उसवत मागं यायचं. एकेक. चुकलेला टाका आपोआप हाती लागतो. तू बँकेत काय करत होतास रे?"

बँकेत मी नेमके हेच करीत होतो. संध्याकाळी पाच पैशांचा फरक आला, तर शेवटच्या व्हाउचरपासून टिंबे देत मागे जायचे आणि फरक सापडेपर्यंत कोणी घरी जायचे नाही. पस्तीस वर्षांची ही विद्या पेन्शनच्या कागदांबरोबर मी कपाटात ठेवून दिली होती.

रात्री दहाला मी वहीवर चार ओळी लिहिल्या. एक, जुनी डिस्क काढली. दोन, तिच्या केबलला नवी एसएसडी जोडली. तीन, मेमरीच्या पट्ट्या काढून घासल्या. चार, सेल काढली. मग खालून वर निघालो. सेल जागेवर होती. पट्ट्या जागेवर होत्या. एसएसडी काढली. जुनी डिस्क रद्दीच्या पिशवीतून काढून, पुसून, जिथे होती तिथे जोडली आणि बटण दाबले. आत सुपारी कातरल्याचा आवाज आला. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. पडद्यावर त्या दोन ओळी आल्या!

मी ओरडलोच. सौभाग्यवती पदराला हात पुशीत धावत आल्या. तीस सेकंद सरली, विंडोजची चार रंगी खूण उमटू लागली, आणि एकाएकी पडदा निळा होऊन पेटी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा यादी, पुन्हा खूण, पुन्हा निळे.

आता मात्र धीर सुटला. जर्मनीत संध्याकाळ होती. भाच्याला फोन लावला आणि वहीतल्या चारही ओळी वाचून दाखवल्या. चौथ्या ओळीला तो म्हणाला, "थांबा मामा. सेल परत बसवलीत, पण तिनं जे लक्षात ठेवलं होतं ते कुठं परत बसवलंत?"

गोष्ट अशी होती. पेटीच्या अगदी मुळाशी बायोस नावाची एक व्यवस्था असते. तिने आपल्या मालकाच्या आवडीनिवडी कशा ठेवल्या आहेत, हे ती सेल जपून ठेवते. सेल काढली की ती सगळे विसरते आणि कारखान्यातून आली तेव्हाच्या समजुतींवर परत जाते. त्यात डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे याचाही एक पर्याय असतो. २०१४ साली भाच्याने तो 'एएचसीआय' असा ठेवून विंडोज घातले होते. सेल काढल्यावर तो 'आयडीई' झाला. विंडोजला आपलीच डिस्क ओळखू येईना आणि तो निळा पडला. म्हणजे चौथी ओळ उसवली असे मी समजत होतो, ती उसवलीच नव्हती. फोन कानाला धरून मी तो पर्याय बदलला, जतन केला आणि बाहेर आलो. यादी आली, खूण आली, आणि तिच्या मागोमाग नातवाच्या फोटोचा तो ओळखीचा पडदा आला.

मग भाच्याने उलगडून सांगितले. बटण दाबल्यावर यंत्राला विंडोज म्हणजे काय हे ठाऊकच नसते. बायोस आधी आपले हातपाय शाबूत आहेत ना हे पाहतो आणि मग डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचतो. आमच्यासारख्या जुन्या पद्धतीच्या यंत्रात हा तुकडा फक्त ५१२ बाइटांचा. त्यातल्या ४४६ बाइटांत पुढे कोठे जायचे ते सांगणारा इवलासा कार्यक्रम, ६४ बाइटांत डिस्कच्या भागांचा नकाशा आणि शेवटच्या दोन बाइटांत एक ठरलेली खूण. चेकवर सही असावी तशी. देवनागरीत लिहायचे तर एवढ्या जागेत पोस्टकार्डाचा मजकूरही मावणार नाही. तेथून पुढच्या कार्यक्रमाचा पत्ता मिळतो, तो यादी दाखवतो, आणि यादीतून मग विंडोज जागे होते. इंग्रज लोक याला 'बूट' म्हणतात. स्वतःच्या बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलणे, अशी काहीतरी त्यांची कल्पना आहे. आपल्या स्वयंपाकघरात याला दुसरे नाव आहे. दही लावायचे तर आधी दही लागते.

२०१४ साली नवे विंडोज घालताना दोन्ही डिस्का आत होत्या. तेव्हा विंडोजने आपले सारे सामान नव्या डिस्कवर मांडले. पण ही सुरुवातीची यादी मात्र, पहिल्या क्रमांकावर जुनी डिस्क होती म्हणून, तिच्यावरच ठेवली. बारा वर्षे ती नुसती बसून आहे असे आम्ही समजत होतो. रोज सकाळी पहिले काम तीच करीत होती. घरातले विरजण तिच्याजवळ होते.

मला एकदा कोठेशी वाचलेले आठवले. आयबीएमने १९५६ साली पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाहून जास्त, आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. माझ्या एका टेराबाइटच्या डिस्कमध्ये तसल्या दोन लाख डिस्का मावतील. पण दोन लाख पट मोठे कोठार झाले तरी त्याच्या दाराची किल्ली अजून त्या ५१२ बाइटांतच होती, आणि मी ती रद्दीच्या पिशवीत टाकली होती.

त्या रात्री झोपण्यापूर्वी दोन गोष्टी केल्या. पहिली, एकशेबारा पाने दोन पेन ड्राइव्हवर उतरवली. एक कपाटात ठेवला आणि एक दुसऱ्या दिवशी मुलीकडे पोहोचवला. पुढे भाच्याने एका रविवारी फोनवरून सांगत सांगत ती यादीही नव्या डिस्कवर हलवून घेतली. जुनी डिस्क आता बाहेर आहे, पण फेकलेली नाही. तिच्यावाचून संगणक एक आठवडा रोज नीट उठतो याची खात्री करून घेतल्यावरच मी ती कापडात गुंडाळून ठेवली. पहाटेची ती तीस सेकंदे गेली. चष्मा आता आधीच पुसून ठेवावा लागतो.

दुसरी गोष्ट अशी. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तरी आई जागी होती. मी पानशेतचे पान उघडले आणि ते नाव आडनावासकट तिला वाचून दाखवले. ते नाव मी येथे देत नाही. ते पुस्तिकेत आहे, आणि पुस्तिका समारंभाला सगळ्यांच्या हाती पडली.

आईने ते नाव एकदा हळूच उच्चारून पाहिले. मग आणखी एकदा.

"तीच," ती म्हणाली. "हिरवं लुगडं होतं अंगावर. हे लिहिलंयस का तू?"

ते लिहिलेले नव्हते. दोन वर्षांपूर्वी तिने ते सांगितलेच नव्हते. मी खुर्ची पुढे ओढली आणि त्याच पानावर टंकू लागलो.